गोल्डन बॅरल कॅक्टस : गिरणगावच्या गॅलरीत कसा जगवायचा आणि गावच्या अंगणात कसा लावायचा?

गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत लालबाग-परळच्या चाळींतली कितीतरी घरं कुलूपबंद होतात. माणसं कोकणात, साताऱ्याला, सांगलीला आपापल्या गावी निघून जातात. पंधरा-वीस दिवसांनी परत येऊन बघावं तर गॅलरीतली तुळस वाळलेली आणि मोगऱ्याचा खराटा झालेला. शेजारी तरी किती दिवस पाणी घालणार? त्यात पाणी ठरावीक वेळेलाच येतं. तलाव तळाला गेले की कपात लागते ती वेगळीच. २०२४ च्या जून महिन्यात मुंबईत १० टक्के पाणीकपात होती, हे तिथे राहणाऱ्यांच्या लक्षात असेल.

म्हणून गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागात कमी पाण्यावर जगणाऱ्या झाडांची हौस वाढत चालली आहे. कोरफड, अडेनियम, घायपातीच्या जाती आणि त्यांच्या जोडीला काट्यांचा गोल चेंडू, म्हणजे बॅरल कॅक्टस. रोपवाटिकेत याला 'गोल्डन बॅरल' म्हणतात. मुंबईकर पाहुण्यांच्या हातून तो आता गावाकडेही येतो आहे. बंगल्यासमोर, ढाब्याच्या दारात, शाळेच्या बागेत दिसायला लागला आहे. पण मुंबईत चालतं ते गावात चालत नाही आणि गावातलं मुंबईत चालत नाही. नेमकं तिथेच झाड जातं.

मूळचा कुठला?

गोल्डन बॅरल मूळचा मेक्सिकोचा. त्याचं शास्त्रीय नाव एकिनोकॅक्टस ग्रुसोनी. जर्मनीत माग्डेबुर्ग शहरात हेर्मान ग्रुसोन नावाचे कारखानदार होते, त्यांना कॅक्टस जमवण्याचा मोठा नाद होता. त्यांच्या नावावरून १८९१ साली या झाडाचं नामकरण झालं. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्याला क्रोएनलाइनिया या वेगळ्या वंशात टाकलं आहे, पण बाजारात जुनंच नाव चालतं. युरोपात त्याला 'सासूची गादी' असंही म्हणतात. यावर जास्त बोलायला नको.

पूर्ण वाढलेलं झाड पाऊण ते एक मीटर रुंद आणि मीटरभर उंच होतं. पण त्याला अनेक वर्षं लागतात. बी टाकल्यापासून वीत-सव्वा वीत रुंदी व्हायला दहा वर्षं धरायची. फुलं पिवळी, डोक्यावरच्या लोकरीसारख्या भागात गोलाकार येतात, तीही झाड मोठं झाल्यावरच. छोट्या कुंडीतला गोळा पुढच्या वर्षी फुलेल असं कुणी सांगत असेल तर ते खरं धरू नये.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. जगभर बागांमध्ये लाखांनी दिसणारं हे झाड त्याच्या मूळ डोंगरात मात्र संकटात आहे. मेक्सिकोत केरेतारो आणि इदाल्गो राज्यांच्या सीमेवर सिमापान धरण बांधलं, तेव्हा १९९० च्या दशकात त्याचे नैसर्गिक पट्टे पाण्याखाली गेले. उरलेली झाडं चोरून उपटून विकली गेली. आंतरराष्ट्रीय यादीत ते संकटग्रस्त म्हणून नोंदलेलं आहे. धरणात गाव बुडणं म्हणजे काय हे कोयनाकाठच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. इथे झाडांचं गाव बुडालं. आपल्याकडे मिळणारी रोपं ही रोपवाटिकेत बियांपासून केलेली असतात, त्यामुळे ती घ्यायला हरकत नाही.

बॅरल कॅक्टस म्हणजे एकच जात नव्हे. फेरोकॅक्टस नावाचा आडदांड भाऊबंद अमेरिका-मेक्सिकोच्या वाळवंटात वाढतो. त्याचे काटे माशाच्या गळासारखे वाकडे असतात. वाळवंटात तो दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे झुकलेला दिसतो, कारण उन्हाकडची बाजू सावकाश वाढते आणि सावलीकडची भराभर. म्हणून त्याला होकायंत्र कॅक्टस असंही म्हणतात. निगा दोघांची जवळपास सारखीच.

हा निवडुंग नव्हे

गावाकडे काटेरी दिसलं की त्याला निवडुंग म्हणायची पद्धत आहे. पण बांधावरचा तीनधारी निवडुंग आणि शेर यांचा कॅक्टसशी संबंध नाही. ती एरंडाच्या कुळातली झाडं. तोडलं की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, दिसेनासंही होऊ शकतं. तसं झालं तर भरपूर पाण्याने धुवून लगेच दवाखाना गाठायचा. बॅरल कॅक्टसला असा चीक नसतो. आत ओलसर, फिकट गर असतो.

फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस आहे आणि तोही परदेशी, अमेरिकेहून आलेला. दख्खनमध्ये तो इतका माजला होता की १९२६ च्या सुमारास त्याच्यावर कोचिनील जातीचा किडा मुद्दाम सोडण्यात आला. त्या किड्याने रानंच्या रानं मोकळी केली. ड्रॅगन फ्रूट हाही कॅक्टसच. म्हणजे जत, आटपाडी, सांगोला, माण या भागातल्या शेतकऱ्याला कॅक्टस काही नवा नाही, फक्त हा गोल आकार नवा आहे.

मुंबईत मारतो तो पाऊस

या झाडाची सगळी रचना पाणी साठवायला झालेली. अंगावर उभ्या कडा असतात. पाणी मिळालं की हार्मोनियमच्या भात्यासारखं अंग फुगतं, पाणी संपलं की आकसतं. दिवसा पानांवाटे पाणी उडू नये म्हणून पानंच नाहीत, त्यांचे काटे झालेत. अंगावरची सूक्ष्म छिद्रंही दिवसा बंद आणि रात्री गारव्यात उघडी. मुळं खोल जात नाहीत. वरच्या वीतभर मातीत पसरतात आणि पडलेला थोडका पाऊस झटक्यात ओढून घेतात.

आता असं झाड लालबागच्या गच्चीवर ठेवा. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. माण, आटपाडी, सांगोला भागात वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. मुंबईचा पाऊस कसा लहरी असतो बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे माणदेशाचा जवळपास दोन वर्षांचा. आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा झाला नव्हता. त्यामुळे हवामानाच्या बातमीवर विसंबून कुंडी उघड्यावर ठेवायची नाही.

नुसता पाऊसही नाही, हवेतला दमटपणा त्याहून वाईट. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, माती वाळतच नाही. मुळं गुदमरतात, बुरशी लागते आणि झाड बुडातून सडतं. वरून ते हिरवंगार, टणक दिसत राहतं. दसऱ्याला हात लावावा तर अख्खा गोळा पोकळ फुग्यासारखा खाली बसतो. 'मी तर रोज पाणी घालत होते, तरी कसं मेलं?' असं लोक विचारतात. रोज घातलं म्हणूनच मेलं.

मग उपाय काय? जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंडी छपराखाली घ्यायची. गॅलरीचं छप्पर पुढे आलेलं असेल तर आतल्या भिंतीला टेकवून ठेवायची. गच्चीवर असेल तर वरून पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिक, पण चारही बाजू मोकळ्या. प्लास्टिकची पिशवी घालून झाड गुंडाळून ठेवायचं नाही, आत वाफ धरते आणि काम आणखी लवकर उरकतं. कुंडीखाली दोन विटा सरकवल्या की खालून हवा खेळते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाणी जवळपास बंद. फार तर महिन्यातून एकदा, तेही सलग चार दिवस उघाड पडली असेल तर.

ऊन कुठल्या गॅलरीत?

चाळीत जागा आपण निवडत नाही, जी मिळाली ती मिळाली. पण आपली गॅलरी कुठल्या दिशेला आहे हे आधी बघून घ्यावं. दक्षिणेकडची गॅलरी सगळ्यात चांगली. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे ऊन आतपर्यंत येतं आणि पावसाळ्यात ओली झालेली मुळं नीट वाळतात. मुंबईत १५ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तिथून जुलै अखेरपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो, तेव्हा दक्षिण गॅलरीत ऊन कमी होतं. पण तोवर पावसाळा लागलेलाच असतो. पश्चिमेची गॅलरी चालते, फक्त एप्रिल-मेचं दुपारचं ऊन कोवळ्या रोपाला भाजतं. पूर्वेला सकाळचं तीन-चार तास ऊन मिळत असेल तर झाड जगतं, वाढ मंद होते. उत्तरेच्या गॅलरीत किंवा दोन इमारतींच्या बोळकांडीत हा नाद करू नये, तिथे मनीप्लांट बरा.

ऊन कमी पडलं की झाड सांगतं. गोल गोळा वरून निमुळता, दुधी भोपळ्यासारखा व्हायला लागतो, नवे काटे बारीक आणि फिके येतात. हा बिघडलेला आकार पुन्हा गोल होत नाही. उलट, रोपवाटिकेत शेडनेटखाली वाढलेलं रोप आणून थेट कडक उन्हात ठेवलं तर अंगावर पांढरट-पिवळा चट्टा पडतो, तोही कायमचा. दोन-तीन आठवडे थोडं थोडं ऊन वाढवत न्यायचं. महिन्यातून एकदा कुंडी पाव फेरा फिरवली की सगळीकडून सारखी वाढ होते.

वजनाचं काय?

हा मुद्दा बागेच्या पुस्तकात नसतो, पण गिरगाव-लालबागमध्ये याच्याइतका महत्त्वाचा दुसरा नाही. बारा इंची मातीची कुंडी ओल्या मातीसकट वीस-पंचवीस किलोच्या घरात जाते. कॅक्टसच्या मिश्रणात वाळू, खडी, विटांचा चुरा असतो म्हणून वजन जास्तच. दहा कुंड्या म्हणजे दोन-अडीच क्विंटल. इथल्या कितीतरी चाळी शंभरीच्या पुढच्या, गॅलऱ्या लाकडी तुळयांवर किंवा गंजलेल्या लोखंडी आधारावर तोललेल्या. उपकरप्राप्त इमारतींपैकी अतिधोकादायक इमारतींची यादी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ दरवर्षी पावसाळ्याआधी जाहीर करतं. त्या यादीत नाव नसलं तरी आपली गॅलरी भक्कम आहे असा त्याचा अर्थ नाही. तुळईला वाळवी, खालून ओल, लादीला भेग असं काही असेल तर तिथे एकही जड कुंडी नको.

कुंडी ठेवायचीच तर भिंतीलगत, तुळईच्या मुळाशी. कठड्यावर कधीच नाही. वाऱ्याने किंवा मांजराच्या धक्क्याने तिसऱ्या मजल्यावरून काटेरी कुंडी खाली गेली तर काय होईल हे सांगायला नको. प्लास्टिकच्या कुंडीने वजन थोडं कमी होतं, पण ती लवकर वाळत नाही, म्हणून तिला जास्तीची भोकं पाडून घ्यायची.

आणि चाळीची गॅलरी ही फक्त आपली नसते. तो सगळ्यांचा जायचा-यायचा रस्ता आहे. मुलं धावतात, म्हातारी माणसं रात्री अंधारात कठड्याला धरून चालतात, आग लागली तर तिथूनच सुटायचं असतं. गोल्डन बॅरलचे काटे बोटाच्या दोन पेरांएवढे आणि ताठ असतात. वाटेत ठेवून भांडण ओढवून घेण्यापेक्षा स्वतःच्या खिडकीच्या आतल्या बाजूला लहान कुंडी ठेवलेली बरी.

कुंडीखाली बशी ठेवू नये. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं डेंग्यू-मलेरियासाठी घरोघर तपासणी करतात आणि कुंडीच्या बशीतलं साचलेलं पाणी ते आधी बघतात. कॅक्टसला तर बशीचा काहीच उपयोग नाही, उलट मूळ सडायला मदतच.

माती : गावचा मुरूम मुंबईला भारी

मुंबईत 'कॅक्टसची माती' म्हणून तयार पिशव्या मिळतात. त्यांत बरेचदा कोकोपीट जास्त असतं. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, म्हणजे जे नको तेच. रोपवाटिकेतली तांबडी मातीही नुसती वापरली तर घट्ट बसते.

मिश्रण घरी करता येतं. दोन भाग चाळलेला मुरूम किंवा विटांचा वाटाण्याएवढा चुरा, एक भाग नदीची जाड वाळू, एक भाग माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिळून. वरून मूठभर कोळशाचे तुकडे. समुद्राची वाळू चौपाटीवरून उचलून आणायची नाही, तिच्यातलं मीठ मुळं जाळतं. बारीक, पिठासारखी वाळूही नको, ती सिमेंटसारखी बसते. मिश्रण बरोबर झालं का हे बघायला कुंडीत तांब्याभर पाणी ओतायचं. ते वर न साचता सरळ खालून निघालं तर जमलं.

गावाकडच्या माणसाला यात खर्च काहीच नाही. ओढ्याकाठचा, माळावरचा मुरूम हा या झाडासाठी सोन्यासारखा. मुंबईच्या नातेवाइकाला पाठवायचं तर तांदळाच्या जोडीला दहा किलो मुरूम चाळून पाठवला तरी तो खूश होईल. काळी माती मात्र एक मूठसुद्धा नको.

कुंडी झाडापेक्षा तीन-चार बोटं रुंद असावी, जास्त मोठी नको. मोठ्या कुंडीतली जादा माती ओली राहते. दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलायची, ती फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा दिवाळीनंतर. बदलताना झाड धरायचं कसं, हा सगळ्यांचा प्रश्न. वर्तमानपत्राची जाड घडी करून पट्ट्यासारखी झाडाभोवती गुंडाळायची आणि दोन टोकं धरून उचलायचं. मोठं झाड असेल तर गोणपाट. नव्या कुंडीत लावल्यावर आठवडाभर पाणी द्यायचं नाही, तुटलेली मुळं आधी वाळू द्यायची.

पाणी किती, कधी?

मुंबईपुरता हिशोब असा. फेब्रुवारी ते मे आठ-दहा दिवसांनी एकदा, पण देताना भरपूर, खालून निघेपर्यंत. चमच्याने रोज थोडं देण्यात अर्थ नाही. जून ते सप्टेंबर जवळपास बंद. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंधरा दिवसांनी. डिसेंबर-जानेवारीत महिन्यातून एकदा पुरे, तेव्हा झाड झोपलेलं असतं. शंका आली तर अगरबत्तीची जुनी काडी मातीत खोल खुपसून दहा मिनिटांनी काढायची. काडीला ओल किंवा माती चिकटली तर पाणी नको. पाणी मातीत द्यायचं, झाडाच्या डोक्यावर नाही. डोक्यावरच्या लोकरीत पाणी साचलं की तिथून कुजायला सुरुवात होते.

मे महिन्यात पंधरा-वीस दिवस गावी जायचं असेल तर निघायच्या आदल्या दिवशी एकदा भरपूर पाणी देऊन खुशाल जावं. झाड थोडं आकसेल, परत आल्यावर पाणी दिलं की भरेल. गिरणगावात हे झाड टिकायचं खरं कारण हेच.

मुंबईचं नळाचं पाणी तलावांतून येतं, ते हलकं. गावाकडे बोअरचं पाणी जड, क्षारांचं. ते वर्षभर दिलं की मातीवर पांढरा थर येतो आणि झाडाचं बूड तपकिरी, खरखरीत होतं. विहिरीचं गोडं पाणी किंवा पत्र्यावरून साठवलेलं पावसाचं पाणी द्यावं. बुडाशी थोडा तपकिरीपणा जुन्या झाडाला वयानेही येतो. तो टणक असेल तर चिंता नाही, मऊ असेल तर सड.

खताचं थोडक्यात. युरिया अजिबात नको, त्याने झाड पोकळ फुगतं आणि चिरतं. ठिबकसाठी घरात ००:५२:३४ असेलच तर लिटरला अर्धा ग्रॅम, वर्षातून दोनदा, वाढीच्या दिवसांत. एवढं केलं नाही तरी चालतं.

गावच्या अंगणात लावताना

माणदेश, जत, सांगोला या पट्ट्यात हे झाड सरळ जमिनीत लावता येतं. उन्हाळा त्याला चालतो, थंडीही चालते. धोका आहे तो परतीच्या पावसाचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दोन-तीन दिवसांत धो-धो पडून जातो आणि काळ्या रानात पाणी तुंबतं. म्हणून जमीन खोदून खड्ड्यात लावायचं नाही, उलट उंचवटा करायचा. तळाला दगडगोटे, त्यावर मुरूम आणि वाळू, असा दीड फूट उंच ढिगारा उताराने करायचा आणि त्याच्या माथ्यावर झाड. ऊस-डाळिंबाला खड्डा, कॅक्टसला ढिगारा, एवढं डोक्यात राहिलं तरी झाड वाचेल. झाडाचं बूड जेवढं कुंडीत मातीत होतं तेवढंच मातीत, वर एक थर बारीक खडीचा, म्हणजे चिखल उडत नाही.

दोन झाडांत मीटरभर अंतर. आज वीतभर दिसतंय म्हणून जवळजवळ लावलं तर पुढे काढायची पंचाईत होते. पहिल्या उन्हाळ्यात दुपारच्या बाजूने शेडनेटचा तुकडा बांधावा. पहिल्या वर्षी उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पाणी, नंतर महिन्यातून एकदा, मुळं पसरल्यावर तेही नाही दिलं तरी झाड उभं राहतं. मार्च-एप्रिलच्या गारपिटीत झाकायला एखादी पाटी किंवा घमेलं जवळ असू द्यावं, गारेचा वण कधी जात नाही. जनावरांच्या वाटेवर, मुलं खेळतात तिथे नको. सोबत कोरफड, घायपात, अडेनियम आणि पावसाळ्यात रंगासाठी ऑफिस टाइम लावलं तर बाग छान दिसते आणि सगळ्यांची तहान एकसारखी असते. जास्वंद-गुलाबाच्या वाफ्यात मात्र हे झाड घुसडू नये. त्यांच्या पाण्याने हे मरतं.

कीड आणि सड

कीड द्राक्ष-सीताफळवाल्यांच्या ओळखीचीच आहे, पिठ्या ढेकूण. कडांच्या खाचेत, डोक्यावरच्या लोकरीत कापसासारखा दिसतो. लोकर पांढरी आणि कीडही पांढरी, त्यामुळे पटकन कळत नाही. मुंग्यांची ये-जा दिसली तर संशय घ्यायचा. दोन-चार असतील तर कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून टिपायचे. जास्त असतील तर निंबोळी अर्क संध्याकाळी फवारायचा, आठवड्याने पुन्हा. झाड विनाकारण मलूल झालं तर कुंडीतून काढून मुळं बघावीत. मुळांवरही हाच पिठ्या बसतो. तेव्हा मुळं धुवून, वाळवून नव्या मातीत लावायचं. उन्हाळ्यात लाल कोळी लागला तर अंगावर गंजल्यासारखा रंग चढतो.

सड लागली तर प्रामाणिक उत्तर असं की बुडातून सडलेला गोल्डन बॅरल वाचणं अवघड. सुरुवातीलाच कळलं तर धारदार, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने सडका भाग निरोगी गर दिसेपर्यंत कापायचा, त्यावर गंधकाची भुकटी लावायची आणि सावलीत दोन-तीन आठवडे कोरडं ठेवायचं. पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्या झाडांना खबरदारी म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराइडची हलकी फवारणी करता येते.

काटा लागला तर चिमट्याने सरळ ओढून काढायचा, साबणाने धुवायचं. खोल गेला, सूज आली किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन बरेच वर्षांत घेतलेलं नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. फड्या निवडुंगाची केसासारखी बारीक कुसं गोल्डन बॅरलला नसतात, त्या मानाने हा सोपा.

अंगणात काटेरी झाड नको, घरात भांडणं होतात, असं म्हणणारे गावोगाव आहेत. ज्याचा त्याचा विश्वास. पण दुसरी एक समजूत धोक्याची आहे. सिनेमात वाळवंटात अडकलेला माणूस बॅरल कॅक्टस फोडून पाणी पितो. आत पाण्याचा हंडा नसतो, चिकट कडवट गर असतो. तो खाऊन बहुतेकांना मळमळ, जुलाब होतात, म्हणजे अंगातलं होतं तेही पाणी जातं. मुलांना हे सांगून ठेवावं.

शेती म्हणून लावावा का?

मोबाईलवर सध्या 'एकरात कॅक्टस, लाखोंचं उत्पन्न' अशा चित्रफिती फिरतात. गोल्डन बॅरलच्या बाबतीत हे पटणारं नाही. विक्रीजोगा आकार यायला वर्षं जातात, बी-रोपांना पहिली दोन वर्षं शेडनेट आणि रोजचं लक्ष लागतं, आणि गिऱ्हाईक शहरातल्या रोपवाटिकांपुरतं. पुण्याजवळ उरुळी कांचन-लोणी पट्ट्यातले आणि बंगालमधल्या कालिम्पोंगचे रोपवाटिकावाले या धंद्यात जुने आहेत, त्यांच्याशी गाठ आहे. शेडनेट आहे, जवळ शहर आहे, घरातलं कुणी मन लावून करणार आहे, अशाने जोडधंदा म्हणून पाच-पन्नास रोपं करून बघायला हरकत नाही.

पण 'रोपं आमच्याकडून घ्या, मोठी झाल्यावर आम्हीच परत विकत घेऊ' असं म्हणत कुणी दारात आला तर इमू आणि कडकनाथच्या वेळी काय झालं ते आठवावं. कॅक्टसमध्येच पैसे घालायचे असतील तर ड्रॅगन फ्रूटला निदान रोज बाजार आहे. तालुका कृषी कार्यालयात अनुदानाची चौकशीही करता येते. दुष्काळात जनावरांच्या उपयोगाचा म्हणाल तर बिनकाट्याचा फड्या निवडुंग. बाएफ संस्थेने चारा म्हणून त्यावर काम केलेलं आहे.

घेताना बघून घ्या

दादर-परळकडून रोप आणणार असाल तर पावसाळ्यात आणू नका. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ चांगला. भायखळ्याच्या राणीबागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, महापालिकेचं झाडा-फुलांचं प्रदर्शन जानेवारी अखेर-फेब्रुवारीच्या सुमारास भरतं. तिथे वेगवेगळ्या जाती बघायला आणि माहितगार माळ्यांना विचारायला मिळतं. १८६२ साली खुली झालेली ही बाग गिरणगावच्या अगदी शेजारची. गावचा माणूस टाटा किंवा केईएमला पेशंट घेऊन आला असेल आणि दुपार मोकळी असेल तर चक्कर मारण्यासारखी.

रोप हातात घेऊन, म्हणजे कुंडी धरून, बूड दाबून बघा. टणक हवं. कुंडी हलवली तर गोळा डगमगता कामा नये. डगमगला तर मुळं नाहीत. काटे निळे, गुलाबी, लाल असतील तर ते रंगवलेले आहेत, आणि डोक्यावर मोठं टवटवीत फूल असेल तर जवळून बघा. बरेचदा ते वाळवलेलं फूल गोंदाने चिकटवलेलं असतं. ते उपटलं की जखम होते. हिरव्या दांड्यावर लाल-पिवळा गोळा बसवलेला असतो तो बॅरल नव्हे, ते कलम. त्याचं आयुष्य थोडं. पोत्यात किंवा एसटीच्या डिकीत आणताना कुंडीतलं पाणी दोन दिवस आधी बंद करा, झाडाभोवती वर्तमानपत्राचे बोळे भरून खोक्यात उभं ठेवा, आणि घरी पोचल्यावर खोक्यातून लगेच बाहेर काढा.